चार नंबरचं पिंप

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

तळघराचं लॉगबुक इंग्लिशमध्ये लिहावं लागतं आणि ते पुण्याला माझे साहेब, सूरज सर, वाचतात. म्हणून ही वही मराठीत आणि फक्त माझी. इंग्लिश मीडियमची असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची गॅरंटी नाही.

आधी बेसिक लिहून ठेवते. आळेफाट्याच्या अलीकडे एक वायनरी होती, ती बंद पडली. बिल्डिंग आता पारसभाऊंची आहे. त्यांच्याकडून आमच्या ब्रुअरीने फक्त तळघर घेतलंय, कारण वर बेचाळीस डिग्री असतं तेव्हा खाली चोवीस असतं. खाली ओकची सहा जुनी बॅरल्स आहेत. प्रत्येकात सव्वादोनशे लिटर लाल एल. बेल्जियममध्ये फ्लँडर्स म्हणून भाग आहे, तिथे करतात तशी आंबट. ही बीअर घाईची नाही. लाकडात दीड-दोन वर्षं पडून राहते आणि लाकडात राहणारे बॅक्टेरिया तिला हळूहळू आंबट करतात. आमची फेब्रुवारी २०२४ मध्ये भरलेली आहे.

पाच ऑगस्टला ब्रुअरीचे दोन पार्टनर पुण्याहून चाखायला येणार. आवडली तर बाटल्या भरायच्या आणि तळघर चालू ठेवायचं. नाही आवडली तर तळघर बंद, मी परत लॅबमध्ये पिपेट धुवायला. कुठल्या बॅरलमधली किती घ्यायची ते मी ठरवायचंय. लेबलवर ‘ब्लेंड: समृद्धी’ असं माझं नाव येणार. सर हे चहा पिता पिता म्हणाले, पण म्हणाले.

उद्यापासून दहा दिवस लोणीला, चुलत बहिणीचं लग्न. मागे फक्त गोजरबाई मावशी. त्या जुन्या वायनरीत सोळा वर्षं बॅरल्स धुवायला होत्या, त्यामुळे टेन्शन नाही. तरी जाताना सगळं समजावलं. बॅरलमधली बीअर लाकडातून थोडी थोडी उडते, वर पोकळी होते, पोकळीत हवा साचते. ती भरून काढायला स्टीलच्या टाकीत जादा बीअर असते, ती संपलीये. सर पाठवणार आहेत.

“आन तवर?” मावशी म्हणाल्या.

“तोवर हवा लागू द्यायची नाही. वर पांढरी साय येते, ती मोडायची नाही. हवा लागली की व्हिनेगर झालं समजा.”

“म्हंजी लोणच्यागत.”

“एक्झॅक्टली! अगदी लोणच्यासारखंच!”

मला खूपच भारी वाटलं. जे शिकायला मला तीन वर्षं मायक्रोबायोलॉजी करावी लागली ते त्यांनी एका शब्दात पकडलं. इंटर्न आले की हेच उदाहरण द्यायचं.

१५ एप्रिल, मंगळवार

परत आले. टाकी अजून आलेली नाही. मावशी म्हणाल्या, “समदी पिंपं वाजवून बघितली. चार नंबर लई पोकळ वाजत व्हतं. त्याचा म्या बंदोबस्त केलाय.”

बूच ठोकून घट्ट केलं असणार. लॉगबुकमध्ये ‘बॅरल ४ बंग टाइटन्ड’ असं लिहिलं.

लग्नात एका काकूंनी विचारलं, तू नेमकं काय करतेस. मी म्हटलं, वाट बघते. त्यांना वाटलं मी स्थळांबद्दल बोलतेय.

२० मे, मंगळवार

टाकी आली एकदाची. महिनाभर उशिरा. मावशींनी बुचातून पाच बॅरल्स भरली.

“चारला नको. चारचं म्या बघितलंय,” त्या म्हणाल्या. मावशींच्या हाताला अंदाज आहे, मी मध्ये पडले नाही. शिवाय दर वेळी बूच उघडलं की साय मोडते.

सँपल आम्ही बुचातून घेतच नाही. बॅरलच्या पुढच्या तोंडाला मधोमध एक बारीक भोक आहे, त्यात स्टीलचा खिळा. खिळा काढला की बारीक धार येते. तीस एमएल घ्यायची, खिळा परत ठोकायचा. आज सहाही घेतली.

एक, दोन आणि सहा गेली. नाकाजवळ नेली तरी नेलपॉलिश रिमूव्हर. उशिराचा महिना त्यांना लागला. तीन आणि पाच ठीक, पण पातळ, कढीचं वरचं पाणी असतं तशी.

चार नंबर.

हे नीट लिहायला पाहिजे. रंग जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा, घासण्याआधीचा. पहिला घोट आंबट, पण दात आंबत नाहीत. मग मधेच गोड काहीतरी येऊन जातं, आणि गिळल्यावर जिभेच्या कडेला आमसुलासारखं ओढल्यासारखं होतं. शेवटी लाकूड. सरांच्या फॉर्मवर ‘ब्लॅक चेरी’ असा कॉलम आहे. मी चेरी खाल्लीये ती फक्त केकवरची, ती प्लास्टिकसारखी लागते. म्हणून मावशींना म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली. डोळे मिटून उभ्या.

“करवंद हाय. तोडल्यालं न्हवं. गळून जाळीखाली पडल्यालं.”

बरोबर! तेच! फॉर्मवर ‘ओव्हरराइप करवंद’ असं लिहिलं. सरांनी फोन करून विचारलं, हे काय असतं. त्यांचं घर कोथरूडला आहे.

१७ जून, मंगळवार

पप्पांचा फोन. लग्नाचा बायोडेटा छापायचाय.

“नोकरीच्या जागी ‘फूड प्रोसेसिंग’ लिहितो.”

“पप्पा, ब्रुअरी लिहा ना.”

“पोरी, तुझ्या आजोबानं दारू पिणाऱ्या कुणाला घरात घेतलं न्हाई. आन आता मी कागदावर छापून वाटू व्हय?”

“मग फूड प्रोसेसिंग खोटं आहे का?”

“खोटं न्हाई. निम्मं हाय.”

चार नंबर आज आणखी चांगली. नवीन एक गोष्ट: शेवटी हलकी शेंगदाण्यासारखी चव. भाजलेल्या नाही, कच्च्या. पुस्तकात लिहिलंय की जुन्या ओकमधून नटी फ्लेवर येतो. सरांना सँपल कुरियर केलं. त्यांचा मेसेज: ‘Nutty!!! That’s the oak talking.’ तीन उद्गारचिन्हं. सर सहसा एकही देत नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

झालं.

दोघं पार्टनर आले, आणि सर. एक पार्टनर सारखे घड्याळ बघत होते, दुसऱ्यांना तळघराच्या पायऱ्या उतरताना गुडघा दुखत होता. मी ग्लास मांडले. आधी तीन नंबर, मग पाच, मग माझा ब्लेंड. त्यात चार नंबर ऐंशी टक्के आणि तीन वीस टक्के.

घड्याळवाल्यांनी ब्लेंड तोंडात घेतला आणि घड्याळ बघायचं विसरले. गुडघेवाले म्हणाले, “हे जुन्नरात झालंय?”

“तालुका जुन्नर, सर.”

“आणि ही शेवटी चव कसली आहे? शेंगदाणा?”

सूरज सर म्हणाले, “नटी. जुन्या ओकची. इथल्या लाकडाला आहे ती, आपल्या दुसऱ्या कुठल्याच बीअरमध्ये नाही. मी जूनपासून बघतोय, वाढतच चाललीये.” सरांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पास. बाटल्या सप्टेंबरमध्ये. तळघर तीन वर्षं. लेबलचं डिझाइन सरांच्या फोनमध्ये आलंय, खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. स्पेलिंगमध्ये ‘डी’ एकच टाकलाय, ते सांगितलं.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “मंग काय, माजं काम बी तीन वर्सं.” आणि झाडू घेऊन गेल्या.

११ ऑगस्ट, सोमवार

पारसभाऊ आले होते. पावसाने पायऱ्यांजवळची भिंत झिरपतीये, ती बघायला. त्यांच्या घराण्याची आळेफाट्याला तेलाची पेढी आहे, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून. जैन आहेत, दारूला हात लावत नाहीत. तळघरात आले तरी बॅरल्सकडे पाठ करून उभे राहतात, जसं काही तिथे कुणी कपडे बदलतंय.

आजही तसेच उभे होते. भिंतीला हात लावला, गवंड्याला फोन केला, आणि एकदम नाक वर केलं.

“समृद्धीताई, इथं शेंगदाणा तेल कुणी ठेवलंय?”

“नाही हो भाऊ. तेल कशाला असेल इथे?”

“आहे. घाण्याचं आहे. आणि खवट व्हायला लागलंय. चार महिन्यांपूर्वीचं असेल.”

मी हसले. दीड वर्ष मी त्या तळघरात रोज वास घेतेय. माझ्याकडे छप्पन वासांच्या बाटल्यांचा किट आहे. पारसभाऊ मात्र वळले आणि चालत आले, बॅरल्सच्या रांगेतून, एक, दोन, तीन, आणि चारच्या पुढे थांबले. बुचाच्या भोवती जी धूळ होती त्यातून एक बोट फिरवलं. अंगठ्यावर चोळलं.

“मला तुमच्या दारूचं काय कळत नाही,” ते म्हणाले. “पण हे तेल आहे.”

ते गेल्यावर बूच उघडलं. टॉर्च मारला. आत पांढरी साय नव्हती. पिवळं होतं, गुळगुळीत, आणि त्यात टॉर्च दिसत होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मावशी सकाळी आल्या. मी विचारलं.

“व्हय. म्या घातलं,” त्या म्हणाल्या. लपवायचं काही होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. “दोन किलो. घरच्या शेंगांचं. तुमी लग्नाला गेला आन ते पिंप पोकळ वाजाया लागलं. बूच काढलं तर वर बुरा. लोणच्यावर बुरा आला की आमी काय करतो? बुरा काढतो, वर बोटभर तेल. तुमीच म्हणल्या, अगदी लोणच्यागत.”

“म्हटलं मी.”

“मंग?”

मी म्हटलंच होतं. आनंदाने म्हटलं होतं.

“मला सांगायचं ना मावशी.”

“सांगितलं की. बंदोबस्त केला म्हणून.”

नंतर कॅलेंडर घेऊन बसले आणि हळूहळू लक्षात आलं. एप्रिल-मेमध्ये टाकी उशिरा आली तेव्हा बाकीच्या बॅरल्सना हवा लागली. चारला लागली नाही. तेलाने झाकण घातलं. म्हणजे चार नंबर चांगली झाली ती तेलामुळे. माझं त्यात नेमकं काय होतं, ते मी मघापासून शोधतेय. ऐंशी-वीस हा आकडा माझा आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

तेल वर तरंगतं. खिळा मध्ये आहे. खालून पाइप लावून पावणेदोनशे लिटर काढले आणि शेवटचे पंचवीस सोडून दिले, तर बाटलीत तेल जाणार नाही.

आज करून बघितलं. खालून एक लिटर काढली, छोट्या सिलिंडरने गॅस भरला, ग्लासात ओतली. तेलाचा अंश असता तर फेस बसला असता. फेस दोन बोटं आला आणि टिकला. मी सहा मिनिटं बघत बसले. म्हणजे कुणाला कळणार नाही. पारसभाऊ पिणार नाहीत. मावशी कुणाला सांगणार नाहीत, त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

हे लिहिताना बरं वाटायला हवं होतं.

पण ती शेवटची चव आहे ना. फेसाला कळलं नाही तरी जिभेला कळतंय. रिफाइंड तेल असतं तर त्यात शेंगदाण्याचं प्रोटीन राहत नाही. हे घाण्याचं, घरच्या शेंगांचं, त्यात राहतं. कॉलेजला आमच्या बॅचमध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली एक मुलगी होती, कँटीनच्या साबुदाणा खिचडीतला कूट तिच्या पोटात गेला आणि तिचा घसा सुजून बंद झाला. रिक्षात घालून नेली. वाचली. लाल आंबट बीअर पिताना कुणी विचारणार नाही, यात शेंगदाणा आहे का.

मावशींना हे सांगितलं.

“खायच्या तेलानं कुणी मरतंय व्हय?”

“मरतात मावशी. काही जण.”

“मंग आमच्या गावात कुणीच राह्यलं नसतं.” मग झाडू भिंतीला टेकवून, “तुमी सांगनार हाय का सायबाला?”

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

“सांगू नका. तीन वर्सांचं काम हाय तुमचं. आन माजं बी.”

त्या पहिल्यांदाच मला काही करू नका असं म्हणाल्या.

दुपारभर लेबलचं डिझाइन मोठं करून बघत होते. ‘डी’ दुरुस्त केलाय त्यांनी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आधी लॉगबुकमध्ये लिहिलं, मग फोन केला. उलट केलं असतं तर लिहायचं राहिलं असतं, मला माहितीये.

लिहिलं ते मराठीत असं: ‘बॅरल ४ मध्ये एप्रिलमध्ये अंदाजे दोन लिटर शेंगदाणा तेल घातलं गेलं. माझ्या सूचनेवरून. बंग टाइटन्ड ही १५ एप्रिलची नोंद चुकीची, मी तपासलं नव्हतं.’

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“कुणी घातलं?”

“माझ्या सूचनेवरून, सर.”

“मी विचारलं, कुणी.”

“लॉगबुकमध्ये तेवढंच आहे, सर.”

पुण्याला कुणीतरी बीअरचा केग सरकवत होतं, तो आवाज येत होता.

“नटी,” सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

१६ ऑगस्ट, शनिवार

सरांचा मेसेज. चार नंबर ओतून टाकायची. ती एक्साइजच्या साहेबांसमोरच ओतावी लागते, पुढच्या गुरुवारची वेळ मिळालीये. पार्टनरशी मी बोलतो, त्यांचा फोन आला तर उचलू नकोस.

उचलू नकोस म्हणजे मी काहीतरी भलतंच बोलेन असं त्यांना वाटत असणार. साहजिक आहे.

पप्पांना सांगितलं, बहुतेक पुण्याला परत जाईन. म्हणाले, “बायोडेटा तसाच ठेवतो मंग.”

२१ ऑगस्ट, गुरुवार

एक्साइजचे साहेब अकराला आले आणि खुर्ची मागून बसले. पारसभाऊंचं पर्युषण सुरू आहे, ते येणार नव्हते, पण मागच्या नाल्याची जाळी साफ करायला त्यांनी माणूस पाठवला. सर साडेअकराला. माझ्याशी बोलले नाहीत. मावशींना नमस्कार केला. मावशी पदर खोचून उभ्या होत्या, सरांकडे न बघता.

सर बॅरलजवळ गेले. बूच काढलं, टॉर्च मारला, आत बघितलं. मग खिळा काढून ग्लास धरला. मला वाटलं, वास घेतील आणि ओततील. त्यांनी प्यायली. सगळी. मग ग्लास परत खिळ्याखाली धरला. दुसरा ग्लासही प्यायले, हळूहळू, भिंतीला टेकून. एक्साइजचे साहेब म्हणाले, “चांगली आहे का एवढी?” सरांनी ग्लास तिसऱ्यांदा भरला. ग्लास मला दिला. मी घेतली. करवंद होतं, आमसूल होतं, लाकूड होतं. शेंगदाणा होता. आता इतका स्पष्ट होता की आधी ओक कसा वाटला ते आठवेना.

मग सरांनी खालची तोटी स्वतः उघडली.

जवळजवळ दोनशे लिटरला चाळीस मिनिटं लागली. आधी लाल आलं, मग तपकिरी, मग शेवटी गाळ आणि त्याच्यावर पिवळं. मावशींनी तेवढ्यात माझ्या कानाशी येऊन ऐकवायचं ते ऐकवून घेतलं.

“सोन्यासारकी वस्तू मोरीत घातली. गप बसला असता तर काय बिघडलं असतं? आन माजं नाव का न्हाई लिवलं? म्या काय चोरी केलीय का?”

“नाव लिहिलं असतं तर तुमचं काम गेलं असतं.”

“मंग तुमचं जाऊ दे व्हय?” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, धुतला, आणि उलटा ठेवायच्या आधी वास घेतला.

एक्साइजच्या साहेबांचे कागद झाले. मग आमचा कंपनीचा फॉर्म, ‘बॅच डिस्कार्ड’. कारण: भेसळ, शेंगदाणा तेल. जबाबदार: मी माझं नाव लिहिलं, सही केली, तारीख टाकली. त्या फॉर्मवर तळघर ज्याच्याकडे असेल त्याचीच सही लागते, मी आधी दोनदा भरलाय. सरांकडे वाचायला दिला.

ते तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून बराच वेळ वाचत होते. फॉर्म फक्त एका पानाचा आहे. मग पेन मागितलं. जाताना खिडकीतून म्हणाले, “नवी बीअर सोमवारी येईल. चार नंबर सोडून बाकीची पाच बॅरल्स भरायची. तीन आणि पाचमध्ये आहे तिचं काय करायचं ते तू बघ.” आणि गाडी फाट्याकडे गेली.

फॉर्मची कॉपी नंतर नीट बघितली. ‘जबाबदार’ या रकान्यात सरांनी माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलंय, आणि सही. त्यांची सही तिथे लागतच नाही. तारीखही चुकलीये. आज एकवीस आहे, त्यांनी चाखणीच्या दिवसाची, पाच ऑगस्ट टाकलीये. सोमवारी फोन करून सांगायला पाहिजे.